दमलेल्यांचा आसरा

ऑक्टोबर लागायच्या आधीच इनासने लविनाला कुंपणापाशी गाठून सांगून टाकलं, "यंदा मूर्ती आमच्याकडे नको आणू. पुढच्या घरी ने सरळ."

लविना शेजारच्याच घरातली. आळीतल्या जपमाळेची सगळी व्यवस्था तीच बघायची. पापडी गावातल्या त्या आळीत ऑक्टोबर म्हणजे मरियामातेचा महिना. रोज संध्याकाळी मातेची मूर्ती एका घरून दुसऱ्या घरी जायची, आळी गात गात तिच्या मागून निघायची, आणि मूर्ती ज्याच्या घरी त्याच्या ओटीवर सगळे मिळून जपमाळ म्हणायचे. शेवटी उकडलेले चणे वाटले की पोरंबाळं घरोघर पांगायची.

"मटिल्डाकाकी काय म्हणते?" लविनाने विचारलं.

"तिचंच म्हणणं आहे," इनास म्हणाला.

हे साफ खोटं होतं. पण खोटं बोललो म्हणून मनाला काही टोचावं, एवढीही उसंत त्याला नव्हती. मिक्सरमध्ये पेज तशीच राहिली होती आणि मटिल्डाची तोंड धुवायची वेळ टळत चालली होती.

मटिल्डा एके काळी आळीतली देखणी बाई. लग्नाला उभी राहिली तेव्हा नवरीला बघायला म्हणून लांबच्या गावांतली माणसं देवळात येऊन बसली होती, असं अजून सांगतात. तिला स्वतःला त्याचं फार कौतुक नव्हतं. तिला कौतुक होतं ते आपल्या आवाजाचं. जपमाळ संपली की लितानी असते: एकाने मातेचं एकेक नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक नावाला "आम्हांसाठी विनंती कर" म्हणायचं. आळीत ते नाव घेणं मटिल्डाकडे होतं. लविनाच्या जन्माआधीपासून होतं.

मग दोन वर्षांपूर्वी तिच्या गालात आतून एक फोड आला. दाढ लागत असेल म्हणून तिने दाढ काढून घेतली. फोड राहिलाच. मुंबईच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला. ऑपरेशनमध्ये एका बाजूचा जबडा गेला, जिभेचा मोठा तुकडा गेला, आणि छातीचं मांस वर ओढून गालाला ठिगळ लावलं गेलं. नंतर रेडिएशनचे शेक आणि केमो दिले, त्यात गिळणं अवघड झालं. ओठ एका बाजूला खाली ओढला गेला, तो कायमचा. मुलगी एलिना कुवेतला नर्स; ती रजा काढून आली, जेवढं करता आलं तेवढं तिने केलं आणि डोळे पुसत परत गेली. तेव्हापासून घरात दोघंच.

सकाळी उठून तोंड सोड्याच्या पाण्याने धुवायचं. जबडा आखडू नये म्हणून आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये सरकवायच्या आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी धरून ठेवायच्या. पेज गाळायची. चमचा चमचा भरवायची. निम्मी बाहेर येणार, ती पुसायची. कपडे बदलायचे. तेवढ्यात पुन्हा तोंड धुवायची वेळ व्हायची. इनास कंपनीत फिटर होता, अंगमेहनतीला कधी भ्याला नव्हता. पण हे काम संपत नव्हतं आणि त्याच्या शेवटी काही तयार होऊन हातात येत नव्हतं. मागच्या वाडीत केळी वाळून गेल्या, पानवेल जमिनीवर लोळली. त्याने तिकडे बघणंच सोडलं.

देवावर तो रागावला नव्हता. रागवायलाही अंगात जोर लागतो. रविवारी मटिल्डाला घेऊन तो देवळात मिस्साच्या प्रार्थनेला जायचा आणि मागच्या बाकावर बसून राहायचा. सगळे उठले की उठायचा, बसले की बसायचा. डोक्यात एकच: घरी जाऊन पहिलं काय करायचं.

मटिल्डा मात्र रोज संध्याकाळी ओटीवरच्या अल्तारासमोर, येशूच्या तसबिरीपुढे बसायची. कोणी आलं की पदर तोंडावर घेणारी ही बाई तिथे मात्र उघड्या तोंडाने बसायची आणि प्रार्थना म्हणायची. म्हणजे आवाज काढायची. जीभच धड नसल्यावर शब्द कुठले? नुसते स्वर उरले होते आणि मधूनच एखादा 'म' किंवा 'प'. तिचं बोलणं आता फक्त इनासला कळायचं. डॉक्टरांना, भाजीवाल्याला, फोनवर एलिनाला, सगळ्यांना तिचं म्हणणं तोच सांगायचा.

एकदा त्याने विचारलं होतं, "एवढं काय मागतेस गं त्याच्याकडे?"

"काही नाही मागत."

"मग कशाला बसतेस?"

"बरं वाटतं त्याच्याकडे बघायला," ती म्हणाली.

इनासने खांदे उडवले आणि पेल्यातलं पाणी बदलायला आत गेला.

मूर्ती यायच्या दिवशी दुपारी यमुना फुलं घेऊन आली. यमुना पलीकडच्या वाडीतली, हिंदू; पण मटिल्डाकडे मूर्ती आली की गळ्यातला हार तिच्या वाडीतल्या फुलांचा, हा शिरस्ता दोघींच्या सासवांच्या वेळचा. टोपलीत शेवंती आणि अबोली होती.

"काल मूर्ती डाबऱ्यांकडे होती, म्हणजे आज तुमच्याकडे," यमुना म्हणाली. "हार इथेच करते बसून. मटिल्डा, सुई कुठंय?"

मटिल्डाने पदर सावरला आणि इनासकडे बघितलं. मूर्ती कधी येणार, हे आदल्या रात्रीच तिने विचारलं होतं, आणि त्याने "अजून वेळ आहे" म्हणून उडवून लावलं होतं.

"इनासभाऊ?" यमुनाने विचारलं.

"यंदा आमच्याकडे नाही," इनास म्हणाला. "मीच नको सांगितलं."

यमुनाला कुठे बघावं कळेना. टोपली तिने ओटीवर ठेवली, "फुलं राहू दे, उपयोगाला येतील," असं काहीतरी पुटपुटली आणि गेली.

मटिल्डाने तोंडावरचा पदर काढला. मग म्हणाली, "माझी लाज वाटते तुला?"

"नाही गं, मती."

"मग?"

"दमलोय मी." एवढं म्हटल्यावर बाकीचं आपोआप बाहेर आलं. "माणसं येणार, खुर्च्या मांडा, चणे शिजवा. पोरं तुझ्या तोंडाकडे टक लावून बघणार, त्यांच्या आया त्यांना चिमटे काढणार. आणि लितानीला कोणीतरी दुसरं नाव घेणार नि तू पदराआड बसून ऐकणार. मला नाही बघवायचं ते."

"तुला नाही बघवायचं," मटिल्डा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती टोपली ओढून खाली बसली आणि हार ओवू लागली. केमोनंतर तिची बोटं सुन्न झाली होती, सुई सारखी निसटायची. इनासला वाटलं, पुढे होऊन दोरा ओवून द्यावा. तो तसाच उभा राहिला.

दिवेलागणीला आळीच्या टोकाकडून गाणं ऐकू आलं. माणसं जवळ आली, फाटकापाशी आली. कोणाच्या तरी हातातला दिवा क्षणभर थांबला आणि पुढे लविनाच्या घराकडे वळला. मटिल्डा उठली. आतून ती नवी साडी नेसून आली, केस नीट केलेले, हार हातात. पदर खांद्यावर होता.

"कुठे निघालीस?"

"मातेकडे."

"तोंड..." इनास म्हणाला आणि थांबला. ती पायऱ्या उतरली होती. मग तोही चपला अडकवून मागून निघाला, कारण ती पडली असती तर उचलायचं त्यालाच होतं.

लविनाच्या ओटीवर दाटी झाली होती. मटिल्डा आत आली तशी बायका आपसूक सरकल्या. तिचा चेहरा असा उघडा कोणी पाहिला नव्हता. एक म्हातारी "येशू" म्हणाली आणि तिने तोंडावर हात घेतला. मटिल्डाने मूर्तीला हार घातला आणि पुढे चटईवर आपल्या जुन्या जागी जाऊन बसली. इनास दाराशी, चपलांच्या ढिगाजवळच्या खुर्चीवर टेकला.

जपमाळ झाली. सगळ्यांच्या आवाजात मटिल्डाचा आवाज बुडून गेला, कोणाला काही वेगळं जाणवलं नाही. मग लितानी आली. लविनाने पुस्तक उघडलं, पण ती काही म्हणायच्या आधी मटिल्डाने सुरुवात केली.

"अवी मइये."

पवित्र मरिये, असं तिला म्हणायचं होतं. कोणाला काही कळलं नाही. दोघी-तिघींनी अंदाजाने "आम्हांसाठी विनंती कर" म्हटलं. मटिल्डाने पुढचं नाव घेतलं. आता उत्तर आलं ते निम्मं आणि मागेपुढे. तिसऱ्या नावाला ओटीवर नुसतं खाकरणं आणि बांगड्यांचा आवाज. कोपऱ्यात एक पोरगं फिस्सकन हसलं आणि त्याच्या आईने त्याला दाबलं. लविना हलकेच मटिल्डाच्या खांद्यावर वाकली. "काकी, मी घेऊ का?"

मटिल्डाने मूर्तीवरची नजर काढली नाही. इनासला तिची पाठ दिसत होती. वाळून काठी झालेली पाठ, पण ताठ. घरी चल, असं त्याच्या मनात आलं. उठ, घरी चल, झोपू दे दोघांना.

मटिल्डाने तेच नाव पुन्हा घेतलं.

"ख्रिस्ताच्या माते," इनास म्हणाला.

त्याने ठरवून म्हटलं नव्हतं. दिवसभर दहा ठिकाणी तो हेच करायचा: ती बोलली की समोरच्याला कळेलसं सांगायचं. तोंडाला सवय लागली होती. पण आवाज मोठा निघाला, किंचित वैतागलेलाही, आणि त्या आवाजाला सगळी ओटी एकदम बोलली, "आम्हांसाठी विनंती कर."

मटिल्डाने मागे वळून पाहिलं नाही. ती पुढचं नाव म्हणाली. इनासने ते म्हटलं. ओटीने उत्तर दिलं.

असं ते चाललं. तिचे स्वर, मग त्याचे शब्द, मग सगळ्यांचा आवाज. लहानपणापासून इनासने ही नावं ऐकली होती, पण आपल्या तोंडाने कधी घेतली नव्हती. तो मागून उत्तर देणाऱ्यांतला. आता प्रत्येक नाव पकडायला त्याला तिच्याकडे लक्ष लावावं लागत होतं. त्यासाठी त्याने खुर्ची पुढे ओढली, मग आणखी पुढे, आणि शेवटी तो चटईच्या कडेला, तिचं तोंड दिसेल असा बसला. दिवा अगदी समोर होता. दोन वर्षं तो हे तोंड रोज जवळून बघत होता: टाके, सूज, कुठे लाल झालंय, कुठे पू आहे. जखम म्हणून बघत होता. चेहरा म्हणून त्याने ते किती तरी दिवसांत बघितलं नव्हतं. आता तो बघत होता. ओठ ओढलेलाच होता, हनुवटीवरून लाळ ओघळत होती आणि ती पुसायचं भान तिला नव्हतं. डोळे मूर्तीवर होते, आणि त्यांत अशी काही निवांत खुशी होती, की इनासला क्षणभर तिचा हेवा वाटला. हिच्याकडे हे कुठून येतं? एवढं सगळं काढून घेतल्यावर?

तेवढ्यात ती पुढचं म्हणाली आणि तो अडखळला. हे नाव काही ओळखीचं वाटेना. मटिल्डाने पुन्हा म्हटलं. यावेळी त्याला स्पष्ट ऐकू आलं. असं नाव लितानीत आहे का, हे त्याला आठवेना, पण ओटी खोळंबली होती.

"दमलेल्यांच्या आसऱ्या," तो म्हणाला.

"आम्हांसाठी विनंती कर," ओटी म्हणाली. कोणी पुस्तकात बघितलं नाही. मागून एका पुरुषाने नाक ओढल्याचं ऐकू आलं.

चणे खाऊन दोघं घरी निघाली. मटिल्डा त्याचा हात धरून सावकाश चालत होती, खूप थकली होती. फाटकाशी आल्यावर इनास म्हणाला, "ते मधलं नाव माझ्यासाठी घेतलंस ना?"

"कुठलं?"

"दमलेल्यांच्या आसऱ्या."

मटिल्डा थांबली. "मी तर 'पापी जनांच्या आसऱ्या' म्हटलं. पुस्तकात आहे तेच."

"नाही, मी नीट ऐकलं."

"मी कशाला नवीन घालू?" ती म्हणाली. "ते तुझं होतं." आणि ती हसली. तिचं हसणं आता एका बाजूनेच यायचं, घशातून घोगरा आवाज निघायचा. इनास फाटकाच्या कडीवर हात ठेवून उभा राहिला. आपण प्रार्थना करत नाही, असं तो समजून चालला होता. मग हे कुठून आलं होतं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडी नेसून ती तयार होती. त्याही दिवशी दोघं गेली, त्याच्या पुढच्या दिवशीही. उरलेला महिनाभर आळीतल्या प्रत्येक ओटीवर मटिल्डाने नाव घेतलं आणि इनासने ते सांगितलं. पोरांना चार दिवसांत सवय झाली. ती तिच्या तोंडाकडे बघायची आणि बघून झालं की पेंगायची. ते जास्तीचं नाव इनासने पुन्हा घेतलं नाही. पुस्तकात नसलेलं म्हणणं त्याला बरं वाटेना. पण एका संध्याकाळी लितानी संपत आली तेव्हा जाळी विणणारा बस्त्याव मागून म्हणाला, "इनास, ते दमलेल्यांचं राहिलं." त्याच्या घरी मुलगा व्यसनात बुडालेला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. इनासने मटिल्डाकडे बघितलं. तिने मान हलवली. मग ते रोजचंच झालं. फादरांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणू दे. माता काही रागावणार नाही."

इनासचा थकवा गेला नाही, हेही सांगायला हवं. पेज तशीच गाळावी लागायची, काड्या तशाच धराव्या लागायच्या. फक्त संध्याकाळी ती अल्तारासमोर बसली की तोही शेजारी बसू लागला. कधी डुलकी लागायची. ती त्याला उठवत नसे.

नाताळानंतर तिच्या मानेत गाठ आली. डॉक्टरांनी आता काही करण्यासारखं नाही म्हणून सांगितलं आणि दुखण्यावरचं औषध लिहून दिलं. तिचे स्वरही गेले. लविना आणि यमुना आळीपाळीने बसायला यायच्या. फादर येऊन आजाऱ्यांचं पवित्र तेल लावून गेले, एलिना आली. शेवटचे दिवस मटिल्डा खिडकीकडे तोंड करून पडून असायची. एकदा इनासने विचारलं, "फार दुखतं?" तिने होय म्हटलं, डोळे मिटून. थोड्या वेळाने हात वर करून तिने ओटीकडे बोट दाखवलं. संध्याकाळ झाली होती, प्रार्थना राहिली होती. इनास ओटीवर गेला, आणि आत तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने लितानी एकटा म्हणू लागला. नावही तोच घ्यायचा आणि उत्तरही तोच द्यायचा. ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, एका दुपारी, ती गेली. त्या वेळी तो स्वयंपाकघरात होता.

पावसाळ्याच्या तोंडाशी लविना एक विचारणा घेऊन आली. तिच्या ऑफिसात संपदा म्हणून एक मुलगी होती. मूळची कोकणातली, नालासोपाऱ्याला फ्लॅटमध्ये राहणारी. तिच्या वडिलांचं, दिनानाथांचं, मटिल्डासारखंच ऑपरेशन झालं होतं. त्यांचं बोलणं घरात कोणाला कळत नव्हतं. चिडून ते ताट ढकलून द्यायचे, आणि आता तर त्यांनी बोलणंच सोडलं होतं.

"मी काय डॉक्टर आहे?" इनास म्हणाला. "मला माझंच होत नाहीये."

"माहीत आहे," लविना म्हणाली. "म्हणून जबरदस्ती नाही करत."

पण पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर तो घरी न येता रिक्षात बसला. नालासोपाऱ्यात इमारतींच्या गर्दीत पत्ता शोधता शोधता तो घामाघूम झाला. लिफ्ट बंद होती. वर पोचेपर्यंत त्याच्या मनात तीनदा आलं की परत फिरावं. संपदाने दार उघडलं. बाप खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता, तोंडावर टॉवेल.

"बाबा, हे इनासकाका," संपदा म्हणाली. "लविनामॅडमच्या शेजारचे."

दिनानाथ वळले नाहीत. इनासने खुर्ची घेतली आणि बसला. बऱ्याच वेळाने टॉवेलाखालून एक आवाज आला.

"काय म्हणाले?" संपदाने घाईने विचारलं. "पाणी?"

"पाणी नाही," इनास म्हणाला. त्याने कान पुढे केला. "पुन्हा म्हणा."

आवाज पुन्हा आला.

"खाट. खाट फिरवा म्हणतात. खिडकीकडे."

संपदाने खाटेची एक बाजू धरली. मग दोघांनी मिळून खाट ओढली. दिनानाथांनी टॉवेल बाजूला केला आणि इनासच्या तोंडाकडे बघितलं. हा माणूस आता नजर चुकवेल, असं बघितलं. इनासने नजर चुकवली नाही. तेव्हा ते बोलू लागले. सलग, भराभर, कितीतरी महिन्यांचं साठलेलं. त्यातलं पहिलं वाक्य इनासला अजिबात कळलं नाही.

"सावकाश," तो म्हणाला आणि खुर्ची खाटेला लावून घेतली. "पहिल्यापासून सांगा. मला कुठे जायचं नाहीये."